दोर कोण कापतं

३ मार्च

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

फोनवर तू प्रत्येक गोष्टीला "हो आत्या" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. नुसतं "हो आत्या" पाकिटात घालून पाठवायला तुलाही लाज वाटेल, असा माझा हिशोब.

माझं म्हणशील तर आठवड्यातले तीन दिवस सकाळी आठ ते बारा डायलिसिसच्या मशीनला बांधलेली असते. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. उजव्या हाताने पुस्तक धरलं की पान उलटता येत नाही, पान उलटायला गेलं की पुस्तक छातीवर आपटतं. वर्तमानपत्राचं तर नावच काढू नकोस. म्हणून फोन. तुमची ती नावाडिणीची चित्रकथा एका अंगठ्याने वर सरकवत वाचता येते, आणि चार तासांत सात-आठ भाग होतात. एकेचाळीस भाग झाले. नदीवर आडव्या ताणलेल्या दोराला धरून होडी ओढणारी बाई, आठ-पंधरा दिवसांनी तुटणारा दोर, आणि दोन्ही काठांवरच्या प्रत्येक माणसावर तिचा संशय. गोष्ट बरी आहे. बरी म्हणजे बरी. मी यापेक्षा जास्त कशाला म्हणत नाही हे तुला ठाऊक आहे.

आता मुद्दा. एकेचाळीस भागांत तुझं नाव एकदाही नाही. मी सुरुवातीला पाहिलं, शेवटी पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. तुझंच काय, कोणाचंच नाव नाही. तू तर तुझ्या वडिलांना सांगितलं आहेस की रंगकाम सगळं तुझं आहे आणि प्रत्येक भागाच्या खाली नाव येतं. तुला औषधनिर्माणशास्त्राला न घालता चित्रकलेला घालावं म्हणून माझ्या भावाशी वर्षभर मी भांडले होते. शब्द माझा पणाला लागला आहे. नोकरी सुटली असेल तर तसं लिही. सुटलेली नोकरी मला चालेल, खोटं चालणार नाही.

तुझी आत्या

११ मार्च

प्रिय आत्या,

नोकरी आहे. रंग मीच भरते. नावाचं राहू दे, असतं कधी, नसतं कधी.

तू वाचते आहेस हे ऐकून बरं वाटलं. पत्र छोटं आहे कारण उजव्या मनगटाला पट्टा आहे. आठवड्याला एक भाग द्यावा लागतो, एका भागात साठ-सत्तर चित्रं, आणि रंग भरणारी मी एकटी. आधी दोघी होतो. दुसरीने बालवाडीत नोकरी धरली. ती सांगते, तिथली मुलंसुद्धा रेषेबाहेर रंगवतात, पण त्यांना कोणी परत करायला लावत नाही.

तुझं पाणी मोजून चाललंय ना? बाबांना इतक्यात काही लिहू नकोस.

तुझी पिटू

१९ मार्च

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये. "असतं कधी, नसतं कधी" हे काय उत्तर झालं? नाव म्हणजे पाऊस आहे का?

तुझ्या वडिलांना मी काही लिहिलेलं नाही. पण तू नावाचा विषय टाळलास म्हणून सांगते, तुझ्या त्या नसलेल्या नावासाठी मी इकडे काय काय करते आहे. आमच्या खोलीत सहा खुर्च्या. माझ्या डावीकडे शिंपीकाका. मोठ्या बाजारात चाळीस वर्षं कोट शिवले, आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण वादात कोणाला ऐकत नाहीत. उजवीकडे भूगोलबाई, शाळेतून निवृत्त. समोर बसचालक, तो जपानी मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, वाचतो, तेही मुळात मी दाखवलेल्या ॲपवर. मला ते ॲप त्यानेच दिलं असं तो म्हणतो, पण खोटं. दुव्यावर बोट मी दाबलं, उतरवून मी घेतलं आणि मग एकेकाच्या फोनमध्ये घालून मी दिलं. आमच्या पाळीत, दुपारच्या पाळीत, आणि आमच्या सुटीच्या दिवशी येणाऱ्यांनाही. छत्तीस माणसं झाली. शुक्रवारी नवा भाग आला की सिस्टर म्हणतात, "आज यांचं ब्लडप्रेशर मोजण्यात अर्थ नाही."

तक्रारी दोन. तुझे रंग मळकट दिसतात. सत्ताविसाव्या भागातलं आकाश म्हणजे फरशी पुसलेलं पाणी. आणि जाहिराती! अंगठा जरा इकडे-तिकडे झाला की जुगार. नाहीतर अंगभर कपडे न घातलेली बाई. भूगोलबाईंना परवा लॉटरी लागली होती, बँकेचा नंबर त्या टाईप करतच होत्या, मी उजव्या हाताने त्यांचा फोन हिसकावला आणि माझी सुई सरकली. दहा मिनिटं गोंधळ. तुमच्या कंपनीला सांग, इतकं हलकं दुकान मांडू नये.

आणि नावाचं खरं काय ते लिही.

तुझी आत्या

२६ मार्च

प्रिय आत्या,

लिहिणार नव्हते. तुझी सुई सरकली हे वाचलं आणि मग लिहायलाच हवं असं वाटलं.

ते दुकान आमचं नाही. तू वाचतेस तो माल चोरीचा आहे.

आमचे भाग एकाच ठिकाणी येतात, प्रकाशकाच्या ॲपवर. तिथून कोणीतरी प्रत्येक भागाचे फोटो काढतं, ते दाबून लहान करतं, म्हणून रंग मळतात, आणि आपल्या ॲपवर चढवतं. प्रत्येक भागाच्या खाली एक पट्टी असते: लेखक, रेखाटन, रंग, अक्षरं. ती पट्टी ते कापतात. कारण त्या पट्टीतच खरं ॲप कुठलं तेही लिहिलेलं असतं. सत्ताविसावं आकाश मी तीनदा केलं होतं, आत्या. पहाटेच्या आधीचा निळा, ज्यात अजून उजेड आलेला नाही पण येणार आहे हे कळतं. ते फरशीचं पाणी झालं.

पहिल्याच पत्रात का सांगितलं नाही? तुझी ती खुर्ची, चार तास, आणि त्यात आवडलेली एकच गोष्ट. म्हटलं, वाचू दे कुठेही.

पण आता सगळंच सांगते. तीस एप्रिलला प्रकाशक ठरवणार, गोष्ट पुढे चालवायची की बंद करायची. त्यांच्या ॲपवर किती जणांनी भाग शेवटपर्यंत वाचला, एवढंच ते पाहतात. आम्ही कमी पडतो आहोत. तुझे छत्तीस जण तिथे कुठेच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तुम्ही जन्मालाच आला नाहीत. फक्त तुमच्यामुळे नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. अशा कितीतरी खोल्या असतील. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते आमचं चाललंय. मला राग यायला हवा ना? येत नाही. मनगट दुखतं तेवढं कळतं.

पिटू

२ एप्रिल

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

चूक माझी. क्षमा मागते. एकदाच मागते, पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

पण चूक कशी झाली ते तुला कळायला हवं, कारण मला स्वतःला त्याने झोप लागली नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी माल तपासला. कॉलरला लेबल कापलेला शर्ट समोर आला की आधी विचारायचं, हा आला कुठून? शिवण नंतर, बटण नंतर. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवत असे. आणि इथे लेबल कापलेले चाळीसच्या वर नग माझ्या हातातून गेले, मी शिवणीला नावं ठेवत बसले, वर ज्या पोरीचं लेबल कापलं तिलाच खोटारडी म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ॲप काढून टाकलं. भूगोलबाईंना हाताशी घेऊन नवीन शोधायला बसले. सोपं नाही बरं का. तुमच्या ॲपच्या नावासारखीच चार नावं निघाली, एकात तर चित्रही तेच. तेव्हा जुनी पद्धत लावली. कोणाचा माल, ते लिहिलंय का? लिहिणाऱ्या-काढणाऱ्याचं नाव आहे का? फोनच्या नेहमीच्या दुकानातून उतरतं, की कोणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून? चित्रं दाखवायला याला माझ्या फोनमधल्या लोकांचे नंबर कशाला हवेत? आणि ज्या ॲपवर जगातलं झाडून सगळं, आजच्या आज, फुकट मिळतं, तिथे थांबायचंच नाही. खऱ्या दुकानात काही ना काही संपलेलं असतं. बसचालकाच्या मांगासाठी जपानी प्रकाशकाचंच एक ॲप सापडलं. नवे भाग फुकट वाचा, मधले हवे तर विकत. तो म्हणाला, "बाई, फुकट ते पौष्टिक, तुम्हीच शिकवलंत." मी म्हटलं, "शिकवलं ते चुकीचं शिकवलं. आता परत शिका."

तुमचं ॲप उतरवून घेतलं. पट्टी पाहिली. नाव आहे.

पण शिंपीकाकांनी मला अडवलं. तुमच्याकडे नवे तीन भाग कुलपात असतात, पैसे टाका नाहीतर तीन आठवडे थांबा. काका म्हणाले, "ताई, विकत घ्यायला माझी ना नाही, पण फोन सुनेच्या नावावर आहे, तिच्यापुढे हात पसरणार नाही. आणि थांबायचं म्हणाल, तर या खोलीत तीन आठवडे कोणाच्या खिशात आहेत?"

मला उत्तर सुचलं नाही. तुला सुचत असेल तर कळव.

तुझी आत्या

९ एप्रिल

प्रिय आत्या,

मलाही नाही सुचत. काकांना कुठेही वाचू दे. त्यांच्यावर मी रागावूच शकत नाही. चोर ते नाहीत.

आणि तुझी "जुनी पद्धत" मी इथे सगळ्यांना वाचून दाखवली. अक्षरं टाकणारा म्हणाला, यांना नोकरीवर घ्या. खूप दिवसांनी आमच्याकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. भूगोलबाईंना सांग, वाचनालयाचं सभासदत्व असेल तर काही वाचनालयांची स्वतःची ॲपं असतात, तिथे चित्रकथाही उसन्या मिळतात. आणि काही चित्रकार आपलं काम आपल्याच पानावर फुकट टाकतात. ते मात्र खरंच फुकट, त्यांनी स्वतः दिलेलं.

आणखी एक. आमच्याकडे आकडे पाहणारा एक जण आहे, आम्ही त्याला पंचांगवाला म्हणतो कारण तो सतत वाईट मुहूर्त सांगतो. तो काल विचारत होता, "हे कोण लोक आहेत? सकाळी आठ ते बारा, मग दुपारी, पाच-सहा जण एकदम, एकाच गावातले मिळून पंधरा-वीस. बाकी सगळे एक भाग तीन मिनिटांत संपवतात, हे अर्धा-अर्धा तास लावतात. एकेका चित्रावर थांबून राहतात." मी म्हटलं, एका हाताने वाचतात. त्याला कळलं नाही. मी समजावलंही नाही. पाण्याच्या बाटल्या भरायला म्हणून उठले.

पिटू

१८ एप्रिल

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

एकोणतीस जण तुमच्याकडे आले. पाच जण येत नाहीत म्हणतात, त्यांच्याशी बोलणं सोडलं आहे. एक जण गावी गेला. तिसावे शिंपीकाका आले. तीन आठवड्यांचं काय, विचारलं, तर म्हणाले, "निदान पहिल्यापासून नीट बघून घेतो तोवर."

आणि पोरी, बघितलं ते काय बघितलं! तुमच्या ॲपवर चित्र दोन बोटांनी मोठं करता येतं. एका हाताने ते जमत नाही, म्हणून फोन ते धरतात, बोटं मी फिरवते. काल त्यांनी तुटलेल्या दोराची सगळी चित्रं एकापाठोपाठ काढायला लावली. नववा भाग, सोळावा, सत्ताविसावा, अडतिसावा. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ताई, हा दोर कोणी कापलेला नाही."

बसचालक म्हणाला, "काका, गोष्टच ती आहे. दोर कोण कापतं, ते शोधायचंय."

"गोष्ट काहीही म्हणू दे. सुरीने कापलेल्याचं टोक बोथट, एका लांबीचं. हे बघ, एक धागा लांब, एक आखूड, कडेला पांढरी लव. हा झिजलाय. दर वेळी त्याच काठाशी, खांबाला जिथे घासतो तिथे. चाळीस वर्षं दोऱ्यात घालवली, मला नका शिकवू."

जुन्या ॲपवर हे दिसलंच नसतं. तिथे टोक म्हणजे नुसता तपकिरी डाग होता.

त्यावर खोलीत दोन तट पडले. भूगोलबाई नदीवर पूल बांधायला आलेल्या इंजिनियरवरच ठाम आहेत, दोर तोच कापतो म्हणतात. काका मात्र वाद घालत नाहीत, हे मला आवडलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांना खुर्चीवरून शेजारच्याच पलंगावर हलवलं. काल निघताना मला म्हणाले, "बरोबर की चूक एवढं कळलं असतं तर बरं होतं."

तू कंपनीला सही करून दिलेली असणार की शेवट कोणाला सांगणार नाही. महिनाभर सगळ्यांना नियम शिकवून आता मीच तुला नियम मोडायला सांगते आहे. हे मला दिसतं आहे. तरी सांग.

तुझी आत्या

२ मे

प्रिय आत्या,

बंद झाली.

तीस तारखेला बोलावलं. चहा दिला, म्हणजे कळलंच. वाचक वाढले, पण पुरेसे नाहीत. गोष्ट गुंडाळायला एक भाग दिला आहे. एकच. त्यानंतर रेखाटनवाल्याला दुसऱ्या गोष्टीवर घेतलं आहे, मला नाही. बाबांना मीच लिहीन.

आता काकांचं. आमच्या लेखकाने दोर इंजिनियरच्याच नावावर लावून ठेवला होता. भूगोलबाई जिंकल्या असत्या. पण तो उलगडा वीस भागांचा: कागदपत्रं, लाच, खटला, नदीला पूर. एका भागात त्यातलं काहीच मावत नाही. काल दिवसभर तो नुसता टेबलाशी बसून होता. शेवटी मी तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

आधी तो भडकला. "टोकं कोणी अशी रंगवली?" मी रंगवली होती. कापलेल्या दोराचा फोटो मला मिळाला नव्हता, गोदामाबाहेर एक झिजून तुटलेला दोर पडला होता, त्याचा काढला, आणि दर वेळी तोच समोर ठेवून रंगवलं. इतक्या भागांत कोणाच्या लक्षात आलं नाही. लेखकाच्या नाही, रेखाटनवाल्याच्या नाही, माझ्याही नाही. तो म्हणाला, "मग एवढे दिवस ती सगळ्यांवर संशय घेत होती, ते?" मी म्हटलं, "तेच. तोच शेवट."

एका भागात मावतं ते.

शिंपीकाकांना सांग, ते बरोबर आहेत. कालपर्यंत नव्हते, आता आहेत. लेखकाने आणि मी, दोघांनी परवानगी दिली आहे, तुला नियम मोडावा लागणार नाही. बाकी कोणाला सांगू नकोस. शेवटचा भाग पहिल्या दिवसापासून सगळ्यांना उघडा ठेवा, एवढं आम्ही भांडून मिळवलं. नऊ जूनला येईल.

पिटू

१२ जून

चि. पिटुकलीस आशीर्वाद.

काकांना मी तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली, आणि महिनाभर खोलीत त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. भूगोलबाई इंजिनियरवरून त्यांना टोचत राहिल्या, तरी नाही. माझ्याच्याने हे झालं नसतं.

नऊ तारखेला सगळ्यांनी एकदमच उघडलं. बाराच्या ठोक्याला सुया काढायला आलेल्या सिस्टर दारात थांबल्या, कारण कोणी मान वर केली नाही. नावाडीण खांबाशी येते, तुटलेलं टोक हातात घेते, आणि ते खांबाला जिथे घासत होतं त्या खाचेत तिचं बोट बरोबर बसतं. मग ती सगळी दारं, जिथे जाऊन ती भांडून आली होती. एकेक दार. पुढे कोणी उभं नाही. शब्द एकही नाही. तुझे रंग मी या वेळी स्वच्छ पाहिले. त्या दारांना जो रंग दिला आहेस तो थकलेल्या माणसाचाच आहे, आणि चांगला आहे. बरा नाही म्हटलं, चांगला म्हटलं. नीट वाच.

बसचालक म्हणाला, "एवढंच?"

काका पलंगावरून म्हणाले, "एवढंच असतं रे. माझ्या भावाशी मी अकरा वर्षं बोललो नाही." आज त्यांच्या खाटेशी एक म्हातारा बसलेला होता. नाकडोळे काकांचेच. दोघांमध्ये सोलून ठेवलेलं सफरचंद काळं पडलं होतं. भूगोलबाईंनी मला खुणेने विचारलं, मी खुणेनेच गप्प बसा म्हटलं.

तुझे वडील तुझं पत्र घेऊन माझ्याकडे आले होते. "आता काय?" म्हणाले. मी सांगितलं, पोरीचं काम मी स्वतः पाहिलं आहे, आणि आज विचारशील तर पुन्हा वर्षभर तुझ्याशी भांडेन. ते जेवून गेले. तुला पुढच्या आठवड्यात फोन करतील. "हो बाबा" म्हणून ठेवू नकोस.

तुझं अक्षर मागच्या पत्रात शेवटच्या ओळींना पार कोसळलं होतं. पट्टा लावूनच लिहिलं असशील. तेव्हा महिनाभर काही काढायचं नाही, रंगवायचं नाही, आणि या पत्राला उत्तरही पाठवायचं नाही. मी वाट पाहणार नाही.

तुझी आत्या